पावणेअकराची एस.टी.

नऊ वर्षं मी बेलापूरहून सहा मैल सायकल हाणत या गावच्या शाळेत आलो. उलटा वारा आणि दुखरा गुडघा यांच्या तक्रारी मी जन्मभर सांगू शकतो. म्हणून एकाहत्तर साली गावात एस.टी. आणायची खटपट मीच केली. अर्ज लिहिले, घरोघर हिंडून अंगठे घेतले आणि मालनबाईला म्हणालो, "एस.टी. आली की रतनला बेलापूरच्या हायस्कुलात घाला." आमची शाळा सातवीपर्यंतच. रतन ही तिची एकुलती एक लेक, आणि माझ्या हाताखालची सगळ्यांत हुशार मुलगी.

"पायी न्हाई धाडायची, गुरुजी," मालनबाई म्हणाली. "यष्टी आली तर मातूर नक्की."

पुढं डेपोतले साहेब पाहणीला आले ते थेट वर्गातच. सातवीची मुलं पुढ्यात गणितं सोडवत होती. साहेबांनी वही उघडली. "मार्तंड गुरुजी, वेळ कोणती धरू?"

माझी शाळा अकरा ते पाच. मी म्हणालो, "सकाळी पावणेअकराला इथं यावी, संध्याकाळी सव्वापाचला इथून परत जावी."

नकळत बोलून गेलो, असं म्हणायची सोय आहे. पण मला कळत होतं. हायस्कूल साडेदहाला भरतं, पाचला सुटतं. एस.टी. सकाळी तासभर आधी आणि संध्याकाळी तासभर उशिरा ठेवली असती, तर सकाळी बेलापूरला परत फिरणाऱ्या गाडीनं रतन वेळेवर पोचली असती आणि संध्याकाळी मला न्यायला येणाऱ्या गाडीनं घरी आली असती. मला रिकाम्या शाळेत रोज दोन तास जादा बसावं लागलं असतं, एवढंच.

एस.टी. आली. गावानं नारळ फोडला, मला शाल पांघरली. मालनबाईनं आधी ड्रायव्हरला ओवाळलं, मग मला. जूनमध्ये हायस्कूल सुरू झालं आणि रतन आईबरोबर खुरपायला जाऊ लागली. रोज खिडकीतून ती बांधावर दिसायची. मी दुसरीकडं बघायचो.

एका सोमवारी मधल्या सुट्टीत मालनबाई तिला घेऊन शाळेत आली.

"गुरुजी, अर्ज लिवा. ही येळ लेकरांच्या काय कामाची? लिवा, ज्या मुडद्यानं ही येळ ठरवली त्याला सवताचं बूड तेवढं दिसतं."

मी 'मुडद्या'चा 'गृहस्थ' केला, 'बुडा'ची 'सोय' केली. बाकी जसंच्या तसं लिहिलं.

"रतन, वाच बरं," मालनबाई म्हणाली.

मी शिकवलं होतं तशी ती खणखणीत वाचत गेली. 'ज्या गृहस्थानं ही वेळ ठरवली' इथं मात्र थांबली. साहेब आले तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती, हे मला आत्ता आठवलं.

"आये, एवढं नगं," ती हळू म्हणाली. "गुरुजींच्या अर्जात बरं दिसत न्हाई."

"का गं? खोटं हाय का?"

रतन खाली बघत राहिली. खरं बोलावं म्हणून जिला मी छड्या मारल्या, ती पोर माझ्यासाठी गप्प बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरं आहे ते," मी म्हणालो. "राहू दे."

"मंग पयली सही तुमची करा. तुमच्या सहीला वजन हाय."

तो मुडदा तुमच्या समोरच बसलाय, एवढं सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी सही केली. रतननं अर्ज उचलला आणि शाई वाळावी म्हणून माझ्या नावावर फुंकर घातली.