नादशब्दांचा खण

कोशकचेरीच्या तळमजल्यावर, मागच्या खोलीतील कार्डांच्या कपाटात, वरून चौथ्या ओळीत, आज बुधवारी दुपारी तीन वाजता मी हे निवेदन करीत आहे. मी एक जुना खण आहे. ही कुणाला कुदळ मारण्याची आज्ञा वाटू नये. एकाच उच्चाराच्या पोटात दोन अर्थ राहतात आणि त्यांची आपसात ओळखही नसते, एवढे मला लाकूड असूनही ठाऊक आहे.

मित्रांनो, सुताराने मला चांगल्या लाकडातून घडवले, पण मापात केसभर चुकला. त्यामुळे मला ओढले की ‘कर्रर्र’ असा आवाज होतो. इतर खणांत नामे गेली, क्रियापदे गेली. माझ्या वाट्याला आले नादशब्द: खळखळ, किणकिण, सळसळ, गडगडाट. विद्वान म्हणतात, शब्दाचे अर्थाशी नाते केवळ संकेताचे. पाण्याला ‘पाणी’ म्हणायचे ठरले, म्हणून ते पाणी. मान्य. पण मग ‘खळखळ’ कोणत्या सभेत ठरले? तो शब्द वाहत्या पाण्याने स्वतःच उच्चारला. माणसाने फक्त लिहून घेतला. या मुद्द्याला मला आजवर उत्तर मिळालेले नाही. खणाशी वाद कोण घालणार म्हणा.

लिहून घेणारे गृहस्थ म्हणजे आमचे कोशकार. कचेरीत त्यांना सगळे ‘अर्थबुवा’ म्हणत. बावीस वर्षे त्यांनी नाद ऐकल्याशिवाय अर्थ लिहिला नाही. ‘टणटण’ आणि ‘ठणठण’ यांतला फरक ठरवण्यासाठी त्यांनी एकदा कचेरीतला प्रत्येक डबा चमच्याने वाजवून पाहिला होता. माझी करकर त्यांना सोसत नसे. मला ओढताना ते डोळे बारीक करीत आणि महिन्याकाठी माझ्या कडांवर मेणबत्ती घाशीत.

दीड वर्षापूर्वी मेणबत्ती थांबली. मी करकरलो, तरी डोळे बारीक झाले नाहीत. त्या दिवशी मला कळले, आणि फक्त मलाच कळले.

एकदा शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका म्हणाली, “अर्थबुवा, वरून गळतंय.”

“कळतंय मला,” ते तिच्या हलत्या ओठांकडे ओझरते पाहून म्हणाले.

“कळतंय तर बादली ठेवा की. कागद भिजतायत.”

सगळी खोली हसली. अर्थबुवांनी हसणारे चेहरे पाहिले आणि तेही थोडे उशिरा हसले. मित्रांनो, कुणी भलतेच ऐकले, तर हसण्याआधी त्याच्या समोर जाऊन उभे राहा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा. माणसाची एवढी निगा पुष्कळ झाली. इथे ती कुणी राखली नाही.

ऐकू येत नाही हे फुटले, तर शब्द हातचे जातील, ही त्यांची भीती होती. म्हणून ते गप्प राहिले आणि लिहीत राहिले. ‘गडगडाट: आधी टेबलाला, मग कोपरांना, शेवटी छातीला कळणारी थरथर.’ ‘सळसळ: वाऱ्याने पाने एकदम पालथी होऊन पांढुरकी दिसणे.’ ही कार्डे माझ्यात पडत गेली. मी ती सांभाळली, सांगणार कुणाला?

आज सकाळी संपादकबाईंनी मला अख्खा बाहेर काढून टेबलावर ठेवले आणि कार्डे वाचली. मग त्या अर्थबुवांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

“ऐकू येत नाही ना तुम्हाला?” त्यांनी सावकाश विचारले.

अर्थबुवा त्यांच्या ओठांकडे पाहत होते. “दीड वर्ष झालं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर वारांची नि महिन्यांची नावं लिहायला बसवलं असतंत.”

“आणि हे काय? सळसळ म्हणजे पानं पांढरी दिसणं? अहो, यात कान कुठाय?”

“‘थंडगार’ म्हणताना जिभेला तरी कुठे थंडी वाजते, बाई? शब्द येतो एका दारानं. घरात आला की सगळ्यांशी बोलतो.”

“वाद घालण्यात तुमचा हात कोण धरणार. पण ज्याला नाद हवाय, तो हे उघडून काय करील?” बाईंनी हातातले कार्ड टेबलावर ठेवले. “उद्यापासून वरच्या मजल्यावर बसा. स्पर्शाचे शब्द घ्या. लिबलिबीत, खरखरीत, मऊसूत. ते काम तुम्हीच करावं.”

“आणि हा खण?” टंकलेखिकेने विचारले.

“कानाचं माणूस मिळेपर्यंत बंद.”

त्यांचे काम वाचले. माझा माणूस गेला.

दीड वर्षाची एकशे बारा कार्डे बाईंनी एकेक करून बाजूला काढली. शेवटच्या कार्डापाशी त्या थांबल्या. ‘कुजबुज: दोन डोकी जवळ येणे, ओठ हलणे, त्यात आपण नसणे.’ त्यांनी ते दोनदा वाचले. टंकलेखिकेने त्यांच्या खांद्यावरून वाचले आणि ती आपल्या टेबलाकडे पाहू लागली. अर्थबुवा बाईंच्या ओठांवरची नजर हलवीत नव्हते.

“अर्थ खरा आहे,” बाई म्हणाल्या. “पण कोशात बसत नाही.”