तळघरात राहिलेला बास

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहिलं की लहान मुलं आईच्या मागे लपतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी माणसाहून उंच, माझे खांदे पैलवानासारखे आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल. मी त्याच्या घराण्यातला थोरला भाऊ, एक जुना बास. मला उभं धरून वाजवतात. पण खरं सांगू? त्या मुलांपेक्षा जास्त घाबरट मीच आहे.

माझ्या अंगात एकही खिळा नाही. सगळ्या फळ्या सरसाने जोडलेल्या आहेत. पोटात बोटभर जाडीची एक काठी आहे, ती तर नुसत्या दाबावर उभी असते. ती पडली की माझा आवाज गेलाच म्हणून समजा. ज्या कारागिराने मला घडवलं, तो मला विकताना म्हणाला होता, "याला उष्णतेपासून जपा हं. सरस सुटला की हा पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळेल." हे त्याने माझ्यासमोरच सांगितलं. तेव्हापासून उन्हाळा म्हटलं की मी माझे जोड मोजत बसतो.

आणि माझं नशीब बघा, मला घेतलं ते उन्हाळ्यातच वाजवणाऱ्या माणसाने! तो बसचालक होता. त्याची पुतणी त्याला काका म्हणायची, म्हणून मीही काकाच म्हणतो. आमच्या शहरात दर उन्हाळ्यात दहा दिवस जॅझचा महोत्सव असतो. जॅझ म्हणजे एक चाल मनात धरायची आणि एकमेकांचं ऐकत, ऐन वेळी सुचेल तसं वाजवत जायचं. त्यासाठी मोठी सभागृहं नसतात. वाचनालय, बेकरीचं अंगण, केशकर्तनालय, जिथे चाळीस-पन्नास खुर्च्या मावतील तिथे कार्यक्रम होतो. काकांनी मला एकवीस उन्हाळे वाजवलं. बसचं स्टिअरिंग फिरवून फिरवून त्यांच्या बोटांत जोर आला होता. लोक म्हणायचे, "बास वाजतोय की जमीन बोलतेय?" तेव्हा मी भीती विसरून जायचो.

मग काकांची बोटं आखडली, गुडघे गेले. दोन वर्षं मी कपाटाशेजारी उभा होतो. माझ्या खांद्यावर टॉवेल वाळत घालायचे. शेवटी त्यांनी पुतणीला शिकवायला घेतलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, हात हलका, नजर तीक्ष्ण. पण चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. आमची जोडी छान जमली. दोघंही भित्रे!

तिचा पहिला कार्यक्रम ठरला तो एका जुन्या छापखान्याच्या तळघरात, भर दुपारी. वर रस्ता तापलेला, खाली नव्वद माणसं. यायला-जायला एकच अरुंद जिना. मागे दुसरा दरवाजा होता, पण जागा कमी म्हणून सगळ्या वाद्यांच्या पेट्या त्याला टेकवून ठेवल्या होत्या. त्यात सगळ्यात मोठी माझीच. उकाडा नको म्हणून कोणीतरी सहा मोठे पंखे आणले आणि सहाही पडद्यामागच्या एकाच बोर्डाला जोडले.

माझ्या पायाची लोखंडी सळई जमिनीला टेकलेली असते. त्या सळईतून मला एक बारीक गुणगुण जाणवू लागली. ती आमच्यापैकी कोणत्याच वाद्याची नव्हती. मी ओरडू शकत नव्हतो. पण पुतणीने नाक वर केलं, इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारच्या ड्रमवाल्याला विचारलं. तो एरवी दातांचा डॉक्टर होता.

"डॉक्टर, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय का हो?"

डॉक्टर हसले. "पहिली वेळ आहे ना तुझी? माझ्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला असलेच वास येतात. घाबरू नकोस, ताल धर."

समोरच्या रांगेतले दोघे-तिघेही हसले. पुतणीचे कान लाल झाले. पुन्हा न विचारता तिने ताल धरला.

तिसरी चाल अर्धी झाली आणि दिवे गेले. पडद्यामागे फटकन आवाज झाला, पिवळा उजेड दिसला आणि धुराचा लोट बाहेर आला. "आग!" कोणीतरी किंचाळलं. खुर्च्या धडाधड पडल्या. डॉक्टर मागच्या दरवाज्याकडे धावले, पण अंधारात पेट्या एकमेकींत अशा अडकल्या होत्या की एक ओढावी तर दोन अंगावर येत. माझ्या पेटीने दाराची कडी दाबून धरली होती. मला तेव्हा वाटलेली शरम मी अजून विसरलेलो नाही.

जिन्याशी तिकिटं तपासणाऱ्या मावशी होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. "ढकलू नका! मागच्या रांगेपासून एकेक रांग!" त्या ओरडत होत्या, पण गोंगाटात कोण ऐकतो? लोक एकमेकांवर चढू लागले. एक बाई जिन्याच्या पायथ्याशी पडली.

समोरच्या रांगेत, जिन्यापासून सगळ्यात लांब, काका बसले होते. त्यांना धावता येणारच नव्हतं. ते खुर्चीतूनच म्हणाले, "पोरी, वीज गेली, तुझा बास नाही गेला. चालीचा ताल धर. संथ."

पुतणीने माझा गळा घट्ट धरला. तिने जाड तार ओढली. एक. मग दुसरी. दोन. धूम, धूम, धूम, धूम. पहिल्यांदा कोणाचंच लक्ष गेलं नाही. मग मावशींनी तो ताल पकडला आणि कवायतीच्या आवाजात ओरडू लागल्या, "एक पायरी, दोन पायरी! एक पायरी, दोन पायरी!" हळूहळू पावलं तालावर पडू लागली. पडलेल्या बाईला कोणीतरी उठवलं. रांग झाली. माणसं वर जाऊ लागली.

मी आतून मेलो होतो, मित्रांनो. पाठीमागे ऊब वाढत होती. सरस मऊ होतोय हे मला कळत होतं. वाजायचं थांबावं, अंग आकसून घ्यावं असं वाटत होतं. पण तार ओढली की मला वाजावंच लागतं, आणि त्या दिवशी तेच बरं झालं.

शेवटी डॉक्टर, काका आणि पुतणी एवढेच उरले. डॉक्टरांनी काकांना पाठीवर घेतलं. पुतणीने माझा गळा धरून मला ओढायला सुरुवात केली.

"ठेव तो खाली!" काका खोकत म्हणाले. "जिन्यात अडकला तर आपण तिघंही खालीच राहू."

"काका, तुमचा बास—"

"लाकूड आहे ते! ठेव म्हणतो ना!"

तिने मला हळूच कुशीवर निजवलं आणि ती गेली. एकवीस उन्हाळे सोबत काढून मी नुसतं लाकूड झालो, याचं तेव्हा फार वाईट वाटलं. आज म्हणाल तर काका अगदी बरोबर होते.

मग मी एकटा. धूर माझ्या पोटात शिरला. टक् आवाज झाला; आतली काठी पडली. एक तार तुटली. आता फळ्या सुटणार आणि मी संपणार, असं वाटत असताना पाण्याचा फवारा आला, मग जड बूट आले आणि कोणाचा तरी हात माझ्या खांद्यावर पडला.

"इथे माणूस पडलाय रे!" बंबवाला ओरडला. "चांगलाच धिप्पाड आहे, धरा!"

चौघांनी मला उचलून रस्त्यावर आणलं. मावशींनी माणसं तीनदा मोजली होती, एकही कमी नव्हतं. त्यामुळे 'आणखी एक सापडला' हे ऐकून सगळ्यांच्या काळजात धस्स झालं. उजेडात मला पाहिल्यावर मात्र पुतणी रस्त्यातच बसली, हसली आणि मग हुंदके देऊन रडली.

माझी दुरुस्ती सहा महिने चालली. पाठीवर जोड आहे, पोटात धुराचा वास आहे आणि पंखा लागला की मी अजूनही दचकतो. पुतणीही तशीच झाली आहे. डॉक्टर मात्र एकदा तिच्या दुकानात चष्मा घ्यायला म्हणून आले आणि चष्मा न घेताच म्हणाले, "तू विचारलं होतंस. मी हसलो. चूक माझी."

मित्रांनो, मला जीभ नाही. तुम्हाला आहे. काही विपरीत वाटलं तर बोला, लोक हसले तर पुन्हा बोला. आणि दुसरा कोणी घाबरून काही सांगत असेल तर हसण्याआधी उठून बघा. जुन्या वाद्याला जपा असंही मी म्हणणार होतो, पण आधी हे.

यंदा वाचनालयात कार्यक्रम होता. डॉक्टरांनी ड्रमच्या काठ्या उचलल्या आणि पुतणी म्हणाली, "थांबा. मला भीती वाटतेय. त्या कपाटामागून काहीतरी आवाज येतोय."

डॉक्टरांनी काठ्या खाली ठेवल्या. ग्रंथपाल, डॉक्टर आणि चार श्रोत्यांनी मिळून ते जड कपाट सरकवलं. मागे एक मांजर आपल्या तीन पिल्लांना घेऊन निजलं होतं. घोरत होतं.

सगळ्यांनी कपाट हलक्या हाताने जागेवर ठेवलं. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, "आणखी काही?"

"नाही," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं कापत कापतच सुरू झालो.