सात नंबरचा बुलडोझर

उसुननं छत्रीचं टोक बुलडोझरच्या पत्र्यावर घासलं. पिवळ्या रंगाचा पोपडा सुटून खाली पडला. आत जुना नारिंगी रंग होता आणि त्यावर हातानं काढलेला पांढरा सात. ती एक पाऊल मागे सरली. मग छत्री काखेत धरून तिनं विचारलं,

"हा केवढ्याला?"

तिचा भाचा अन्यी पलीकडच्या एक्स्कॅव्हेटरच्या साखळीपाशी उकिडवा बसला होता. "आत्या, तो मरायला टेकलाय. इकडे ये, हा बघ. जपानहून गेल्याच महिन्यात उतरलाय."

"मी शेठना विचारतेय."

कोंग हिंग लायनं बुलडोझरकडे न बघताच आकडा सांगितला. अन्यी फिसकन हसला.

"एवढ्यात दोन चांगले येतील, शेठ! सोन्याचा आहे का?"

"मग ते दोन घ्या," कोंग म्हणाला.

पत्र्याच्या ऑफिसातून त्याची बायको सिऊ इंग कॉफीचे कप घेऊन बाहेर आली. "घाबरू नका. त्या मशीनचा भाव विचारला की म्हातारा सगळ्यांना असंच पळवून लावतो. लाकूडतोडीच्या कंपनीच्या लिलावात दुसरं कुणी बोली लावेना, तर ह्यानं एकट्यानंच लावली. तेव्हापासून तिथंच. मला त्या जागेत भेंडी लावायचीय, तर नाही!"

"तू कॉफी दे," कोंग म्हणाला.

मिरी शहराबाहेरच्या त्या रस्त्यावर जुन्या मशिनरीची बरीच आवारं होती. उसुन आणि अन्यी सकाळपासून ती पालथी घालत होते. छपराखालच्या बाकावर टेकल्यावर उसुननं चपला काढल्या आणि पाय मोकळे केले. साठीला आलेली, अंगानं बारीक बाई. कानांच्या पाळ्या जड बाळ्यांनी ओढल्या जाऊन लांबलेल्या, आता त्यात काही नव्हतं.

"आमचा रस्ता सारखा ढासळतो," ती म्हणाली. "कंपनी होती तोवर त्यांची मशिनं माती ओढायची. लाकूड संपलं, कंपनी गेली. परवा आमच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तर दरडीवरून झोळीत घालून नेली तिला. पोर रस्त्यातच झालं. जगलं, नशीब. म्हणून गावानं वर्गणी काढली. आपलं मशीन असलेलं बरं."

"गाव कुठलं?"

"लाँग तेपांग. बाराम नदीच्या वरच्या अंगाला."

कोंगनं कप तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला. सिऊ इंगनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली नाही. रिकामा ट्रे धरून खांबाला टेकून उभी राहिली.

"तो रस्ता ह्यानंच काढलाय," उसुन हनुवटीनं बुलडोझर दाखवत म्हणाली. "सात नंबर. आम्ही अडवला होता ह्याला. ओंडका आडवा टाकला आणि सगळं गाव रस्त्यावर येऊन बसलं. पुढे आमची दफनाची जागा होती ना."

"आत्या, जुनं काय काढतेस," अन्यी म्हणाला. "भाव कमी होणार नाही त्यानं."

"तू गप रे. तू तेव्हा अंगावर पीत होतास. ह्याच्याच पात्याच्या सावलीत तुला निजवायचो आम्ही." ती हसली. "ह्याच्यावर एक चिनी पोरगा होता. कंपनीनं सांगितलं, जागा सोडायची नाही. म्हणून तोही बसला आमच्यासमोर. आम्ही खाली, तो वर. एक-दोन दिवसांनी आमच्या म्हाताऱ्यांना दया आली. वर उन्हात वाळतोय, म्हणे, त्यालाही भात द्या. मग जेवायला खाली यायला लागला. आमची भाषा बोलायला जायचा आणि काहीतरी भलतंच बोलून बसायचा. आम्ही पोरी हसून हसून आडव्या व्हायचो."

कोंग अंगणाकडे पाहत होता. पानात बांधलेला चिकट भात, धुरात वाळवलेला मासा. दुपारी बायका प्रार्थनेची गाणी म्हणायच्या आणि तो पात्याला पाठ लावून ऐकत बसायचा. संध्याकाळी नदीवर पोरांबरोबर डुंबायचा. विशीतला, घरापासून पहिल्यांदाच लांब आलेला. पुढे त्यानं आवार उभं केलं, घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली. पण गावासमोर काढलेल्या त्या महिन्यासारखे दिवस पुन्हा आले नाहीत, हे त्यानं सिऊ इंगलाही एकदाच, तेही प्यायल्यावर सांगितलं होतं. हसणाऱ्या पोरींमधली ही कोणती, ते मात्र त्याला आठवेना.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग एके दिवशी सकाळी तो नव्हताच. आदल्या दिवशी साहेब येऊन गेला होता. पोलीस येणार, आता ह्यांच्यावर गाडी घालायची, असं काहीतरी बोलणं झालं असणार."

"घाबरून पळाला असेल."

"असेल."

"पळून काय मिळवलं? रस्ता तर गेलाच पुढे. तिथूनच गेला."

"गेला ना." उसुननं कॉफीचा शेवटचा घोट घेतला. "पण लगेच नाही गेला. त्यांच्याकडे दुसरा चालवणारा नव्हता. खालून माणूस यायला तीन-चार दिवस लागले. तोवर ह्याची साखळी जागची हलली नाही. आमच्या मुखियानं ओळखलं, आता रस्ता काही थांबत नाही. मग सगळं गाव कुदळी घेऊन उठलं. माझी आई, आजा, माझा पहिला मुलगा. सगळ्यांना काढलं, पांढऱ्या कापडात बांधलं आणि होडीनं नदीपलीकडे नेलं. शेवटची होडी परत आली आणि दुसऱ्या दिवशी हे मशीन तिथून गेलं. नुसत्या मातीवरून."

रस्त्यावरून एक ट्रक खडखडत गेला.

"तुम्ही ह्या धंद्यातले," उसुन म्हणाली. "तो पोरगा कधी भेटला का कुठं? असला, तर एवढं सांगायचं होतं त्याला."

कोंग कपाखालची बशी उगाच फिरवत राहिला.

"सांग ना, म्हाताऱ्या," खांबापाशी उभी सिऊ इंग हळूच म्हणाली. "की तेही मीच सांगू?"

उसुननं आधी तिच्याकडे पाहिलं, मग कोंगकडे. बराच वेळ पाहिलं. टक्कल, सुटलेलं पोट, चष्म्याची जाड काच. मग तिनं तोंडावर हात ठेवला आणि हाताआडून आपल्या केन्या जमातीच्या बोलीतलं एक वाक्य म्हटलं, मोडकं-तोडकं, मुद्दाम चुकीचं. अन्यी चमकून आत्याकडे बघायला लागला. कोंगचे कान लाल झाले.

"तसं म्हणायचं नव्हतं मला," तो म्हणाला. "भात मऊ आहे, एवढंच म्हणायचं होतं."

"ठाऊक आहे," उसुन म्हणाली. हसता हसता तिनं डोळे पुसले.

नंतर भावाचं बोलणं अन्यी आणि सिऊ इंगनंच उरकलं आणि ते फार चाललं नाही. कोंग तोवर बुलडोझरभोवती फिरत राहिला. नळ्या बदलायला हव्यात, तेल बदलायला हवं, चार दिवस लागतील, असं स्वतःशीच पुटपुटत होता. मग तो उसुनपाशी येऊन उभा राहिला.

"हा एकटा नाही जायचा वर. चालवायला शिकवावं लागेल कुणालातरी. मी येतो बरोबर."

"या ना."

"आणि…" त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुमच्या आईंना आता जिथं ठेवलंय, तिथं येता येईल का?"

"मशीन नाही येणार तिथं," उसुन म्हणाली. "पलीकडे रस्ता नाही. होडीनं जावं लागतं."

"चालेल," कोंग म्हणाला.