गाठीवर गाठ

"पंखा एकवर टाकला की वादळ, तीनवर टाकला की पात्यावरची माशीसुद्धा उठत नाही. आणि म्हणे दुरुस्त झाला," पडद्यापलीकडे सून पुटपुटली.

"हळू बोल, बाबा येतील एवढ्यात," मुलगा म्हणाला. "बटणच भिकार असणार. हल्ली माल कुठे धड येतो?"

पडद्याअलीकडे काकूंनी सगळं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं पातेलं जरा जोरातच आपटलं. गेले कितीतरी दिवस या घरात बटणाला शिव्या खाव्या लागत होत्या. ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

काकूंचा नवरा म्हणजे गल्लीचे पंखेवाले काका. जन्मभर लोकांचे पंखे दुरुस्त केले. आताही समोरच्या घरातला पंखा त्यांच्या बाकावर उघडा पडला होता. त्या घरात नुकतंच बाळ आलं होतं. 'संध्याकाळी लावून देतो' असं सांगून काका सोल्डरची तार आणायला बाहेर पडले होते.

काकूंना वाटलं, तेवढ्यात घरच्या पंख्याचं बटण आपणच बदलावं. सुनेचं तोंड तरी बंद होईल. काकांच्या हातात पान्हे-पकडी देता देता त्यांना निम्मं काम येतच होतं. त्यांनी पिन काढली, स्टँडचा पंखा आडवा केला आणि बुडाचं झाकण खोललं.

आत बटणाकडे जाणाऱ्या तीन तारा असतात. काकांचा रंगांवर कधीच विश्वास नव्हता. तारा सोडवण्याआधी ते प्रत्येकीला सैलशी गाठ मारायचे. मंद वेगाच्या तारेला एक, मधल्या वेगाच्या तारेला दोन, जोरातल्या तारेला तीन. "रंग फसवतो, गाठ फसवत नाही," असं ऐटीत सांगायचे. काकू म्हणायच्या, "बायकोलाही मारून ठेवा एखादी, हरवेन कुठेतरी."

झाकण बाजूला झालं आणि काकूंचा हात तिथेच थबकला.

मंद वेगाच्या तारेवर एका गाठीच्या जागी होत्या सात. तिच्या शेजारच्या तारेवरही गाठीवर गाठ, त्यावर पुन्हा गाठ. तिसरी इतकी आखडली होती की ताणून कशीबशी बटणाला पोचवलेली, आणि ताणून ताणून तिचं आवरण फाटलं होतं. उघडं तांबं लोखंडी बुडाला टेकायला बोटभरही अंतर नव्हतं.

म्हणजे यांनी पंखा पुन्हा पुन्हा खोलला. दर वेळी पहिल्यांदाच खोलतोय असं समजून. आधीच्या गाठी समोर असून यांना दिसल्या नाहीत.

काकू फरशीवर बसून राहिल्या. हातातला पेचकस खाली ठेवायचंही त्यांना सुचेना.

"अगं, माझं दुकान बंद करायचा विचार आहे की काय?" दारातून काकांचा आवाज आला. ते हसत जवळ आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाकून आत पाहिलं. हसू मावळलं.

"हे कोणी केलं गं?"

पडदा सरकला. मुलगा आणि सून उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"कोण हा अडाणी?" काका तडकले. "तांबं उघडं पडलंय बघ. कोणी ओल्या हाताने शिवलं असतं तर जागच्या जागी गेलं असतं. असल्या माणसाला पकडीला हात लावू देता कामा नये."

"बाबा, जाऊ द्या," मुलगा खाली बघत म्हणाला. "बटणच खराब असेल."

"बटणाला काय धाड भरलीय? बटण उत्तम आहे. काम कोणाचं ते सांगा."

सूनबाई, जिची जीभ एरवी कात्रीसारखी चालायची, ती पदराचं टोक पिळत उभी राहिली. काकांनी मान हलवली. "असो. आधी बाळाचा पंखा उरकतो, मग हे निस्तरतो."

ते बाकाशी जाऊन बसले. समोरच्यांच्या पंख्यातली पहिली तार त्यांनी चिमटीत धरली आणि सवयीने तिला वळसा घातला.

काकू उठल्या. बाकाशी गेल्या आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. बोटं थांबली.

"काय गं?"

"तो घरचा पंखा तुम्हीच दुरुस्त केलाय," काकू म्हणाल्या. "प्रत्येक वेळी तुम्हीच. तुमच्या लक्षात राहत नाही हो आता."