उकिरड्याचा ताप

तळ

उकिरडा तळापासून वर रचतात. ही गोष्टही तशीच रचली आहे. घाई असेल त्यांनी कोंबडीसारखं वरून उकरून बघावं, हरकत नाही.

निलंग्याच्या पुढे धामणवाडी. जिल्हा नवा होता आणि दुष्काळ त्याहून नवा. एसटीच्या थांब्यावर उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं होतं. रंग पातळ पडल्यामुळे गाव एकाच वेळी दोन्ही जिल्ह्यांत होतं, आणि टँकर एकाही जिल्ह्यातून वेळेवर येत नव्हता.

या भागात सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे घर नंतर बघतात, आधी उकिरडा बघतात. घराला चुना लावता येतो. नवऱ्या मुलाला चुलतभावाचा शर्ट घालता येतो. उकिरडा मात्र जनावरांनी वर्षभर रचलेला असतो. जेवढा उकिरडा तेवढी दावण, आणि जेवढी दावण तेवढं घर.

शेषेरावांची बैलजोडी होती, दोन म्हशी होत्या. पण सगळी जनावरं चाऱ्याच्या छावणीत. म्हणजे शेण छावणीत पडत होतं आणि सोयरीक गावात जमायची होती.

"पाहुण्यांना सांगू की, जनावरं छावणीत हायत म्हणून," शेषेराव म्हणाले.

"सांगा," त्यांची बायको केवळाबाई म्हणाली. "त्या भुजंगानं बी तेच सांगितलं. त्याच्या घरात मांजर तरी हाय का?"

खरं होतं. त्या वर्षी ज्याच्या अंगणात कधी शेपूट हललं नव्हतं त्याचीही जनावरं छावणीत होती. मागच्या महिन्यात उदगीरकडचे पाहुणे येऊन गेले. उकिरड्यावर कोंबडी बसलेली होती, आणि दुरून बघता कोंबडीच जास्त उंच वाटत होती. पाहुण्यांनी चहा नको म्हटलं. मुलीकडच्यांनी चहा नको म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं.

त्या वेळी व्यंकटला, म्हणजे शेषेरावांच्या मुलाला, फारसं काही वाटलं नाही. आता कंधारचं स्थळ येणार होतं. मुलीचं नाव सिंधू. तिला त्याने माहूरला गडाच्या पायऱ्यांवर पाहिलं होतं. एकाने पायरीवर करवंटी फेकली होती आणि सिंधू त्या माणसाला ती उचलायला लावत होती. माणूस मिशीवाला होता. त्याने उचलली. तेव्हापासून व्यंकटच्या डोळ्यांपुढे दुसरी मुलगी येत नव्हती.

"आई," तो म्हणाला, "या खेपेला पाहुणे चहा पिऊन गेले पाह्यजेत."

पहिला थर: काहीच नाही

उकिरडा उंच करायचा आणि घालायला काही नाही, तर पोटात पोकळी ठेवावी लागते. केवळाबाईचं लक्ष आधी फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्यांकडे गेलं. हलके, मोठे, एकावर एक बसणारे. पण ते डबे पंचशीलेने नेले होते.

पंचशीला नांदेडची. लातूरच्या कॉलेजात राहून खेड्यांतल्या कचऱ्यावर संशोधन करत होती. दर गुरुवारी एसटीने यायची. हातात पुरुषभर उंचीची पोकळ लोखंडी सळई, सळईत थर्मामीटर. गावातल्या प्रत्येक उकिरड्यात ती सळई खुपसायची, थोडं थांबायची आणि आकडा लिहून घ्यायची. उकिरडा कुजायला लागला की आतून तापतो; न कुजणारा नुसता पडून राहतो. धामणवाडीचे सगळे उकिरडे पडून होते. गाव तिला उकिरड्याची डाक्टरीण म्हणायचं. ओट्यावर बसलेले म्हातारे ओरडायचे, "बाई, आमच्या उकिरड्याला ताप आला का?"

ती म्हणायची, "नाही काका. तुमच्यासारखाच थंड."

आल्या आल्या तिने पहिलं काम केलं ते औषधाचे डबे गोळा करण्याचं. बायका टँकरच्या रांगेत तेच लावत होत्या.

"यात विष होतं, काकू. हा डबा पाण्याला चालत नाही, धान्याला चालत नाही. उकिरड्यात तर अजिबात टाकायचा नाही."

"मंग डब्याचं करावं काय?"

"तेच तर शोधून राहिले मी."

शोध लागेपर्यंत डबे शाळेमागच्या खोलीत कुलपात होते. केवळाबाईने अंगणभर नजर फिरवली. ती व्यंकटच्या बाजेवर थांबली.

"आण ती हिकडं."

"मी कशावर झोपू?"

"लगीन पाह्यजे का झोप?"

बाज उकिरड्याच्या जागी चार पायांवर उभी राहिली. तिच्यावर तुराट्या आडव्या पसरल्या. कडेने फुटकी डालगी पालथी घातली. ढीग ढासळू नये म्हणून तुराट्यांच्या पेंढ्या मधेमधे उभ्या रोवल्या, त्यांची टोकं वर आली ती तशीच राहिली. एका पायाशी वीतभर भोक उरलं.

"ते बुजव," शेषेराव म्हणाले.

"कोण वाकून बघणार हाय तिथं?" केवळाबाई म्हणाली.

(हे भोक लक्षात ठेवावं.)

दुसरा थर: मळी

साखर कारखान्यात उसाचा रस गाळला की काळा ओला गाळ उरतो. त्याला मळी म्हणतात. कारखान्यामागे तिचा डोंगर होता, आणि वास निलंग्यापर्यंत यायचा. व्यंकटने मित्राच्या ट्रॅक्टरने एक ट्रॉली आणली. उचलून नेतोय म्हटल्यावर वॉचमनने त्याला तंबाखू दिली.

मळी तुराट्यांवर चढली. उकिरडा गुडघ्याएवढा, कमरेएवढा, मग शेषेरावांच्या टोपीएवढा झाला.

तिसरा थर: शेण

शेजारच्या लक्ष्मम्माची एक म्हैस अजून घरी होती. वाटीभर साखर मागावी तसं केवळाबाईने घमेलंभर शेण मागितलं.

"यव्वा, एवढं कशाला?" लक्ष्मम्मा म्हणाली.

"वरून लावायला."

"आणि आत काय हाय?"

"आत इज्जत हाय. दे गुमान."

पाणी

इथे पाणी शिंपडायचं असतं. पाणी नाही. पुढे.

सळई

केवळाबाईने सगळं हिशेबात धरलं होतं, फक्त वार धरला नव्हता. पाहुण्यांनी चांगला दिवस म्हणून गुरुवार निवडला.

कंधारहून दोघं आले. सिंधूचे वडील साहेबराव, आणि त्यांची थोरली बहीण सरजाबाई. साहेबराव बोलायला आले होते, सरजाबाई बघायला. एसटीतून उतरल्यावर ती पाणीसुद्धा न पिता पदर खोचून सरळ उकिरड्याकडे गेली. सभोवती फिरली. सकाळचं ऊन होतं आणि उकिरड्यातून, तुराट्यांच्या टोकांपाशी, वाफ निघत होती.

केवळाबाईनेही ती वाफ तेव्हाच पाहिली. तिने ती योजली नव्हती.

"जित्ता हाय की उकिरडा," सरजाबाई म्हणाली. "किती जनावरं?"

"बैलजोडी हाय, दोन म्हशी. छावणीत हायत सध्या," शेषेराव खरं तेच म्हणाले, आणि खरं बोलताना त्यांना घाम फुटला.

"हं," सरजाबाई म्हणाली. "आमच्याकडं बी समद्यांची छावणीतच हायत."

पण ती येऊन सतरंजीवर बसली. चहा आला. व्यंकट दाराआडून कपाकडे बघत होता. सरजाबाईने बशीत चहा ओतला, बशी उचलली, फुंकर घातली.

आणि फाटकातून पंचशीला आली.

"काकू! वाफ! तुमच्या उकिरड्यातून वाफ येऊन राहिली!"

"आज नगं बाई," केवळाबाई धावली. "आज उकिरड्याला हात लावत न्हाईत आमच्यात."

"हात नाही लावत. सळईच लावते."

"पाहुणे हायत!"

"मग त्यांनाही दाखवू की. काकू, अहो, आमचे सर म्हणाले होते, दुष्काळात एकही उकिरडा तापणार नाही, विषय बदल. एक तापलेला दाखवला तर माझा विषय वाचतो." आणि तिने सळई मळीत खुपसली.

सरजाबाई बशी हातात धरून बघत होती. "ही कोण?"

"उकिरड्याची डाक्टरीण," शेषेराव पडेल आवाजात म्हणाले.

"बाई, शिकून सवरून हेच काम मिळालं का तुला?"

"माझे आजोबा गावाचा उकिरडा उपसायचं सोडून नांदेडला गेले," पंचशीला सळई धरून म्हणाली. "मी डिग्री घेऊन परत उकिरड्यावर. बाबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत."

"मंग फरक काय पडला?"

"आजोबांना लोक सांगायचे, उपस. मी लोकांना सांगते, उपसा."

सरजाबाई हसली. बशी ओठांपर्यंत गेली.

पंचशीलेने सळई काढली, थर्मामीटर बघितला आणि किंचाळली. "साठाच्या वर! अहो, एवढा तर आमच्या कॉलेजातल्या खड्ड्यातलाही तापला नाही! मधोमध बघते." तिने सळई उचलली आणि अंगाचा सगळा जोर लावून ढिगाच्या पोटात घातली.

जोराची गरज नव्हती. सळई मुठीपर्यंत आत गेली, आणि उकिरडा ओरडला.

नुसता ओरडला नाही, फडफडला. बाजेच्या पायाजवळच्या भोकातून शेषेरावांची कोंबडी सुटली, सतरंजीवरून गेली, साहेबरावांच्या मांडीवरून गेली आणि ओट्यावर चढून ओरडत राहिली.

सरजाबाईने बशी खाली ठेवली. चहा तसाच.

"तुमच्या उकिरड्याला दार हाय का?" तिने विचारलं.

व्यंकट दाराआडून पुढे आला. "ती नवी पद्धत हाय, आत्या. शास्त्रीय हाय. पोकळ ठेवायचं आतून. म्याडमनीच सांगितली."

सगळ्यांनी पंचशीलेकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. भोकात हात घालून वारा लागतो का ते बघत होती.

"मी नाही सांगितली," ती म्हणाली. "मला सुचलीच नाही. काकू, ही कोणाची युक्ती? खालून हवा जाते, तुराट्यांतून वर निघते. म्हणून तापला! आतली रचना मला बघायलाच पाहिजे." ती उभी राहिली. "उपसा."

उलटापालट

उकिरडा मधून मधून उलथावा लागतो. वरचं खाली जातं, खालचं वर येतं.

शेषेरावांनी फावडं घेतलं. शेणाचा पातळ लेप गेला. मळी गेली, वाफेचा लोट उठला. तुराट्या निघाल्या. मग एक पाय दिसला, मग दुसरा, आणि साहेबराव वाकून म्हणाले, "ही तर बाज हाय."

केवळाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. रडत असावी असं शेषेरावांना वाटलं. ती हसू दाबत होती. भीती फार झाली की तिचं असं व्हायचं.

सरजाबाई जवळ आली. सुंभ काळं पडलं होतं. गातावर, म्हणजे बाजेच्या लाकडी दांडीवर, खिळ्याने कोरलेलं होतं: व्यंकट.

"तुझी बाज?"

"हाव."

"मंग तू कशावर झोपून राहिला?"

"भुईवर. लई मुंग्या हायत."

सरजाबाईने भावाकडे तोंड केलं. "साहेबराव, ते मुखेडकडचं घर आठवतं का? मागच्या आठवड्यातलं?"

"आठवतं की. दावणीला चार बैल होते."

"होते. आणि मालक कौतुकानं बैलाच्या पाठीवर थाप मारायला गेला, तर बैलानं त्याला चिखलात घातला. बैलाला मालक ठावकीच नव्हता. त्येच्या आधीचं घर? तिथं म्हस शेजारणीनं हाक मारल्यावर दावं तोडून घरी गेली." तिने पायाने बाज हलवली. ती करकरली. "हितं निदान बाज घरची हाय. आणि पोरगं मुंग्यांत झोपलं, आपल्या सिंधूपायी."

"पण आक्का, उकिरडा पोकळ हाय."

"तुझा काय भरीव हाय?"

साहेबरावांनी टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली.

सरजाबाई सतरंजीवर जाऊन बसली. "चहा गार झाला," ती केवळाबाईला म्हणाली. "दुसरा टाका. आणि बाई, तू हिकडं ये," ती पंचशीलेला म्हणाली. "ते तुराट्यांचं नीट सांग. उभ्या लावायच्या का तिरप्या?"

ओट्यावर व्यंकटने कोंबडीला उचलून पोटाशी धरलं. कोंबडीला ते आवडलं नाही.

दुसरा उकिरडा

लातूरला सरांनी आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, "एका उकिरड्यावर काही सिद्ध होत नाही. दुसरा दाखव."

धामणवाडीत दुसरा दाखवणं अवघड नव्हतं. वाफेचा उकिरडा बघून कंधारच्यांनी चहा प्यायला, दोन कप प्यायला, ही बातमी टँकरच्या आधी गावभर गेली. ज्यांच्या घरी मुलं लग्नाची होती त्यांच्या बाजा अंगणातून एकेक करून नाहीशा झाल्या. कारखान्यामागचा मळीचा डोंगर खाली बसत गेला. वॉचमन आता तंबाखू मागायला लागला. भुजंगाला मुलगा नव्हता, तरी त्याने रचला. म्हणाला, कुणी सांगावं. लोक अंगणात उघड्या भुईवर झोपत आणि एकमेकांच्या उकिरड्यांवर बॅटरी मारून वाफ बघत. पंचशीला सळई घेऊन गेली की आत कोंबडी आहे का हे आधी विचारायची.

पण सरांना दुसऱ्या गावचा हवा होता.

केवळाबाई मुलीचं घर बघायला कंधारला निघाली तेव्हा तिने पंचशीलेला निरोप धाडला: सळई घेऊन ये, तुझ्या नांदेड जिल्ह्यातच जायचं हाय. एसटीत कंडक्टरने सळईचं वेगळं तिकीट मागितलं. केवळाबाई म्हणाली, ती डाक्टरची नळी हाय, आणि भांडून ते तिकीट काढलंच नाही.

साहेबरावांच्या अंगणात पोचल्यावर केवळाबाईने पाणी नको म्हटलं. पदर खोचला आणि सरळ मागच्या बाजूला गेली.

उकिरडा पुरुषभर उंच. वर तुराट्यांची टोकं, तिरपी. वाफ अशी की शेजारचा लिंब धूसर दिसत होता.

"जित्ता हाय की," केवळाबाई म्हणाली. "किती जनावरं?"

"छावणीत हायत," सरजाबाई म्हणाली.

"आमच्याकडं बी," केवळाबाई म्हणाली. मग मागे वळून न बघता हात केला. "बाई, बघ गं जरा. मधोमध."

पंचशीलेने सळई दोन्ही हातांनी उचलली. घराच्या दारात उभी राहून सिंधू बघत होती. तिने तोंडावर हात ठेवला. सरजाबाई सळईच्या आडवी आली.

"हळू खुपस, माय," ती पंचशीलेच्या कानाशी म्हणाली, पण केवळाबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "सिंधूच्या रुखवताची बाज हाय आत. नवी हाय."