कोऱ्या भिंतीवरची अक्षरं

मित्रांनो, मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यातला डोळे तपासायचा जुना तक्ता आहो. वरती मोठ्ठा क, खाली बारीक होत जाणारी अक्षरं. सोळा वर्षं झाली भिंतीले लटकून. अंगावर लोकायची चिकट बोटं अन् खर्ऱ्याच्या तंबाखूचे शिंतोडे. छ्या! पण त्याहून किळस मले लबाडीची येते. बाहेरच्या बाकावर बसून लोक आतल्याचं वाचणं ऐकतात, अन् नंबर येईस्तोवर मले पाठ करून टाकतात.

मोहर्लीचे श्रावणभाऊ त्यातले उस्ताद. जंगलात वाघ दाखवायच्या सफारीची जिप्सी गाडी चालवत. उजव्या डोळ्याच्या पडद्यातली नस बंद पडली, सूज आली, समोरचा माणूस धुरातल्यावानी दिसे.

डॉक्टर पुनमबाईनं मशीनवर पडद्याचा फोटो काढला. म्हणे, "भाऊ, आतले थर शाबूत दिसतात. सूज उतरली तं नजर बरीच येऊ शकते. पण दर महिन्याले सुई लागन. उशीर केला तं थर खराब होतात, मंग मीबी काही सांगू शकत नाई."

डोळ्यात सुई! पहिल्याच सुईत भाऊ असे भेले का दुसऱ्या महिन्यात मले घोकूनच आत आले. डावा डोळा झाकून धडाधड वाचलं.

"सारं दिसते बाई! आता सुई काऊन?"

बाईच्या कपाळाले आठ्या. नव्या फोटोत सूज तशीच. "मंग नजर आली कुठून? पुन्हा वाचा."

भाऊ मिशीत हासले. मले शिसारी आली. थांब लेका, म्हटलं. त्यानं डोळा झाकला, कूलरचा वारा तं होताच, मी खिळा सोडला अन् गुपचूप खालच्या पायपुसण्यावर उतरलो.

भिंत कोरी. अन् भाऊ वाचून राह्यले, "क, म, प, ट..."

नर्स रुखमाबाईले हासू आवरेना. "भाऊ, कोऱ्या भिंतीवर वाघबी दिसते का तुमाले?"

भाऊनं हात काढला. तोंड उतरलं. "भेतो जी सुईले. अन् दिसत नाई म्हटलं तं जिप्सी जाईन हातची."

"अन् डोळा गेला असता तं?" पुनमबाई कडाडल्या.

त्याच दिवशी सुई घेतली. पुढंबी चुकवली नाई. घोकलेलं चालू नये म्हणून रुखमाबाईनं माह्या पाठीवर नवी अक्षरं चिकटवली अन् तीच बाजू पुढं टांगली. परवा भाऊ अडखळत पाचव्या ओळीपर्यंत आले अन् थांबले.

"याच्या खालचं नाई दिसत, बाई."

सोळा वर्षांत पहिल्यांदा मले स्वच्छ वाटलं.

तं मित्रांनो, माह्यापुढं उभे राहाल तं दिसलं तेवढंच सांगा. फोटो अन् तुमचं वाचणं जुळवून डॉक्टर अंदाज बांधतात. पण तुमीच खोटं वाचलं तं तो अंदाज कोणाच्या डोळ्याचा?