बेचा पाढा

भुंग्याचा पाढा सुरू झाला की घड्याळजींच्या घरात सगळी कामं थबकायची. भुंगा म्हणजे त्यांचा सहा वर्षांचा लेक. लघवीला गेला की जळजळ विसरायला तो दाराआडून जोरजोरात बेचा पाढा म्हणायचा. दिवस बरा असला तर बे पंचे दहावर सुटका. वाईट असला तर थेट वीसपर्यंत मजल! वीस ऐकलं की दुरुस्तीला बसलेले घड्याळजी चिमटा टाकून दाराशी धावायचे.

लघवीच्या जागेची पुढची कातडी घट्ट होती, मागे सरकत नव्हती. "अंघोळीच्या वेळी जोर लाव, होईल मोकळी," असा सल्ला थोरल्या काकांनी दिला होता. दवाखान्यात तो ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"जोर अजिबात नाही! चिरा पडतील आणि आणखी आवळेल. हे मलम सकाळ-संध्याकाळ लावा, पातळ थर, सहा आठवडे. बऱ्याच मुलांना एवढ्यानंच गुण येतो. नाहीच आला तर ऑपरेशन." आणि त्यांनी कागदावर ऑपरेशनची तारीखही लिहून टाकली.

भुंगा बापाच्या पायाला घट्ट बिलगला.

"गंजलेल्या स्क्रूला मीही जोर लावत नाही, बाई," घड्याळजी म्हणाले. "तेलाचा थेंब द्यायचा नि गप्प बसायचं." पण गप्प बसवतंय कुणाला! ते कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहू लागले. वीस, अठरा, अठरा, चौदा. चौथ्या आठवड्यात चक्क आठ! त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा पट्टा आनंदाच्या भरात फुकट बदलून दिला.

आणि पाचव्या आठवड्यात ट्यूब चपटी.

"तू थापतेस वाटतं मलम?" ते बायकोवर उखडले.

"मी? रोज लावतं कोण? तुम्ही!"

तेवढ्यात घड्याळजींच्या वडिलांनी, आबांनी, सदऱ्याची बाही वर सरकवली. "मलम मात्र रामबाण हं! कोपराची खाज कुठल्या कुठे पळाली."

"आबा!" नवरा-बायको एका सुरात ओरडले. भुंगा हसून हसून लोळला. पण दुकानात ते मलम दोन दिवस मिळालं नाही, आणि पाढा पुन्हा चौदावर गेला. आबा दोन दिवस कुणाच्या नजरेला नजर देईनात. नवी ट्यूब आली तेव्हा त्यांनी स्वतःच स्टुलावर चढून ती उंच फळीवर ठेवली, खालून आपला हात पोचणार नाही अशी.

सहा आठवडे संपले. दवाखान्याच्या बाकावर घड्याळजी तो तारखेचा कागद मुठीत धरून बसले होते. भुंगा म्हणाला, "बाबा, मला लागलीय."

ते संडासाच्या दाराबाहेर कान देऊन उभे राहिले. आत पाण्याचा आवाज आला. पाढा नाही. एक शब्द नाही. पोराला चक्कर तर आली नाही?

"भुंग्या! अरे, पाढा?"

दार उघडलं. भुंगा ओल्या हातांनी डोकं खाजवत उभा. "अरेच्चा बाबा, विसरलोच की!"

घड्याळजींना काय झालं कुणास ठाऊक. जन्मात चारचौघांत सूर न लावलेल्या त्या माणसानं लेकाला खांद्यावर घेतलं आणि भरल्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाई दारात येऊन बघत असताना, खड्या आवाजात सुरुवात केली, "बे एके बे! बे दुणे चार!"